मोटरहोमचे हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक अडकतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) समतल करणारे जॅक खाली जाताना फारशी कटकट करत नाहीत. कटकट सुरू होते ती निघायच्या वेळी: सामान आवरून झालेलं, सगळे आत बसलेले, तीन जॅक वर गेलेले आणि चौथा जिथल्या तिथे. खालचे प्रश्न मुख्यतः स्प्रिंगने परत येणाऱ्या जॅकबद्दल आहेत, कारण अडकण्याच्या बहुतेक तक्रारी त्यांच्याच असतात. दोन्ही दिशांना ऑइलवर चालणाऱ्या जॅकचं दुखणं वेगळं, त्याला स्वतंत्र प्रश्न ठेवला आहे.

खाली जाताना जॅक सरळ जातो, मग वर येतानाच का रखडतो?

कारण दोन्ही वेळची ताकद सारखी नसते. खाली ढकलायला पंप असतो आणि तो ३,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) किंवा त्याहूनही जास्त दाब देऊ शकतो. दांड्यावर (जॅकमधून खाली निघणारा गुळगुळीत रॉड) थोडा मळ असला, सील (ऑइल अडवणारी दांड्याभोवतीची रबरी कडी) जरा घट्ट झालं असलं, तरी पंपाला त्याचं काही वाटत नाही. वर येताना मात्र पंप बंद असतो. व्हॉल्व्ह उघडतो आणि जॅकच्या दोन बाजूंच्या स्प्रिंगा दांडा वर ओढतात. ओढता ओढता सिलिंडरमधलं ऑइल होजमधून, व्हॉल्व्हमधून टाकीत परत ढकलायचं कामही त्यांच्याच गळ्यात असतं. जरा घर्षण वाढलं की त्या हरतात.

शेवटच्या टप्प्यात तर आणखीच. दांडा पूर्ण बाहेर असताना स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते, म्हणून ओढही जास्त. दांडा आत जाईल तशी ओढ कमी होत जाते. त्यामुळे जॅक झपकन निम्मा वर येतो आणि शेवटच्या दोन-चार इंचांत लटकून राहतो. तुमचा जॅक नेमका तिथेच थांबत असेल तर नवीन जॅकच्या चौकश्या सध्या बाजूला ठेवा. आधी दांडा पुसायचा आहे.

आत्ता निघायचंय आणि जॅक वर येत नाही. काय करू?

गाडी पुढे-मागे हलवून जॅक मोकळा करायला जाऊ नका. टेकलेल्या जॅकवर आडवा जोर आला की दांडा वाकतो, आणि वाकलेला दांडा पुन्हा सिलिंडरमध्ये जात नाही. पुसण्याने सुटणारं काम तिथे जॅक बदलण्यावर येतं.

इंजिन चालू करा म्हणजे बॅटरीला पूर्ण व्होल्टेज मिळेल. हँडब्रेक लावलेलाच असू द्या; बऱ्याच गाड्यांत ब्रेक सुटला की जॅकचं पॅनल कामच करत नाही. मग वर घेण्याचं बटण देऊन चार-पाच मिनिटं खरोखर थांबा. थंड सकाळी ऑइल घट्ट असतं आणि माणसाला घाई असते, त्यामुळे हळू येणाऱ्या जॅकलाच अडकलेला समजलं जातं. तेवढ्यानेही हलला नाही तर तोच जॅक थोडा खाली पाठवा आणि लगेच वर घ्या. असं दोन-तीनदा केलं की सीलपाशी चिकटलेला थर सुटतो आणि पुष्कळ वेळा काम तिथेच होतं.

तळपट्टी (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर टेकणारी पट्टी) ओल्या मातीत रुतली असेल तर स्प्रिंगांच्या ताकदीने ती सुटणार नाही. भोवतालची माती बाजूने उकरा, म्हणजे खाली हवा शिरेल. बर्फात गोठली असेल तर कोमट पाणी. हातोड्याचे घाव नकोत.

एवढं करूनही लटकलाच, तर दांडा पुसा (कसा, ते पुढे आहे) आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवून लांब पहारीने तळपट्टी खालून वर रेटा. तुम्ही बाजूला, पहार लांब, बोटं स्प्रिंगांपासून दूर. जॅक सुटतो तेव्हा हळू सुटत नाही, खाडकन वर जातो.

काही जण जॅक वर रेटून रॅचेटच्या पट्ट्याने चासीला बांधतात आणि निघतात. जवळच्या वर्कशॉपपर्यंत जायला हे चालेल, मात्र पट्टा सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचा पाइप यांच्या आसपास कुठेही नसावा, आणि वाटेत उतरून बघावं. जॅक इतका खाली असेल की गतिरोधकावर टेकेल, तर गाडी हलवूच नका.

खाली शिरण्याआधी काय काळजी घ्यायची?

फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. हे जॅक गाडी समतल करायला असतात, खाली काम करताना तिला पेलून धरायला नाहीत. एक सील फाटलं, एक होज फुटली, किंवा कोणी आतून चुकून बटण दाबलं की गाडी खाली येते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, चासीखाली वजनाला पुरतील असे स्टँड द्या, आणि पॅनलचा फ्यूज काढून खिशात ठेवा. एअर सस्पेन्शनची गाडी हवा सुटली तरी बरीच खाली बसते, हे जॅकच्या नादात विसरलं जातं.

गळती हाताने चाचपायची नाही. दाबाखालचं ऑइल सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही कातडी भेदून आत जातं. जखम दिसते टाचणी टोचल्याएवढी, पण ती थेट हॉस्पिटलात न्यायची असते, वाट बघायची नाही. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. ओला डाग पडला की जागा कळते.

आणखी एक. पार्किंग ब्रेक बहुतेक मोटरहोमना मागच्या चाकांवरच लागतो. समतल करताना मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली, तर त्या क्षणी गाडीला ब्रेक नसतो. उतारावर उभी असेल तर ती जॅकवरून घसरू शकते.

दोष दांड्यात आहे की ऑइलच्या वाटेत, हे कसं ओळखायचं?

सगळ्या दुरुस्तीचा कणा हाच प्रश्न आहे. दांडा जाम असेल तर व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, आणि ऑइलला परतीची वाट नसेल तर दांड्यावर कितीही स्प्रे मारा, तो हलणार नाही.

आधी किती जॅक रखडतात ते बघा. चारही हळू येत असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक भागात आहे: घट्ट झालेलं ऑइल, टाकीचं तुंबलेलं झाकण, कमी व्होल्टेज, पॅनल. एकच रखडत असेल तर तो जॅक, त्याची होज किंवा त्याचा व्हॉल्व्ह.

मग तळपट्टी पाहा. वर घ्यायचं बटण देऊनही गाडीचं वजन जॅकवरच आहे, गाडी खाली बसतच नाही, असं असेल तर दांड्याच्या मळाला दोष देऊ नका. कित्येक टन वजन वरून दाबत असताना मळ दांड्याला अडवू शकत नाही. ऑइल बाहेर पडत नाहीये, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा होज. उलट गाडी चाकांवर नीट बसली, तळपट्टी जमिनीपासून सुटली आणि मग दांडा लटकला, तर तिथून पुढचं काम एकट्या स्प्रिंगांचं असतं. संशय दांड्यावर, सीलवर आणि स्प्रिंगांवर.

या दुसऱ्या परिस्थितीत एक सोपी परीक्षा आहे. गाडी चाकांवर, ठोकळे लावलेले, तळपट्टी अधांतरी. त्या जॅकचा व्हॉल्व्ह हाताने उघडा, तळपट्टीखाली छोटा बॉटल जॅक ठेवा आणि हळूहळू पंप मारा. दांडा आत सरकू लागला तर ऑइलची वाट मोकळी आहे. फक्त घर्षण वाढलंय किंवा स्प्रिंगा थकल्यात. दांडा जागचा न हलता गाडीच उचलली जायला लागली, तर लगेच थांबा. ऑइल कोंडलंय, नाहीतर दांडा वाकून जाम झालाय.

होजचं कनेक्शन सैल करून ऑइल येतं का बघायची पद्धतही आहे. पण जॅकवर वजन असताना ती करणं म्हणजे पिचकारी अंगावर घेणं आणि गाडी खाली पाडणं, दोन्ही एकदम. तळपट्टी अधांतरी असल्याशिवाय त्या नटाला पाना लावू नका.

दांडा नेमका कसा साफ करायचा?

दांडा बाहेर काढून ठेवा. तळपट्टीखाली फळी द्या, म्हणजे गाडी विनाकारण जास्त उचलली जाणार नाही. टॉर्च घेऊन आधी नुसतं बघा. सिलिंडरमध्ये दांडा शिरतो तिथे सहसा काळपट तपकिरी कडं दिसतं. ऑइलचा पातळ पापुद्रा आणि रस्त्यावरची धूळ मिळून झालेलं ते मेणचट कीट असतं. जॅक बरेच दिवस खाली राहिला की त्याचं वॉर्निश होतं: बोटाला कोरडं, किंचित खरबरीत लागतं, नुसत्या फडक्याने निघत नाही.

न धागे सोडणारं सुती फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवा आणि दांड्याभोवती गुंडाळून गोल फिरवत पुसा. वर-खाली घासत राहिलात तर मळ सीलच्या ओठाकडे ढकलला जातो. फडक्याची बाजू बदलत राहा. तीच मळकी बाजू पुन्हा फिरवणं म्हणजे धूळ घासणं. जास्तीचं रसायन सीलवर ओघळू देऊ नका. ब्रेक क्लीनर, थिनर, पेट्रोल तर सीलजवळ आणूच नका.

दांड्याची मागची बाजू लोक सोडून देतात. चाकाकडची बाजू हाताला येत नाही, आणि टायरने उडवलेला चिखल नेमका तिथेच बसतो. फडक्याची लांब पट्टी करून ती मागून घ्या आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा.

दांडा चकचकीत झाला की जॅकमध्ये जे ऑइल आहे त्याचेच चार थेंब फडक्यावर घेऊन हात फिरवा. मग जॅक आत-बाहेर करा. पहिल्या फेरीत सीलमधला मळ दांड्यावर काळं वळं सोडून बाहेर येईल. ते पुसा, पुन्हा फिरवा. वळं उमटायचं थांबलं की काम झालं. सगळ्यांत कंटाळवाणं काम हेच आहे आणि अडकलेले बहुतेक जॅक याच कामाने सुटतात.

ग्रीस लावू का? डब्ल्यूडी-४० मारलं तर?

ग्रीस नको. पहिले काही दिवस जॅक सुरेख चालतो आणि लोकांना वाटतं, झालं काम. गाडी रस्त्यावर धावली की त्याच ग्रीसवर धुळीचा लेप बसतो. पुढच्या वेळी दांडा आत जाताना तो लेप सीलवर पॉलिश पेपरसारखा घासतो.

डब्ल्यूडी-४० मळ सैल करायला आणि पाणी हटवायला चांगलं आहे. पण ते मारून तसंच सोडू नका. ते उडून गेल्यावर मागे चिकट थर उरतो, त्यावर पुन्हा धूळ. वापरलंच तर लगोलग कोरडं पुसून काढा.

सिलिकॉन स्प्रेबद्दल मतभेद आहेत. काही उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये कोरड्या सिलिकॉन स्प्रेची शिफारस असते, काही दांड्याला काहीही लावू नका म्हणतात. तुमच्या जॅकच्या पुस्तिकेत जे असेल ते ग्राह्य धरा. पुस्तिका हरवली असेल तर माझा कल फक्त पुसण्याकडे आणि त्याच ऑइलच्या पातळ हाताकडे आहे. स्प्रेचा मोह असा की त्याने पाच मिनिटांत काम होतं आणि मळ तसाच राहतो; दर सहलीला डबा हातात घ्यावा लागत असेल तर दांडा एकदाही नीट पुसला गेलेला नाही.

दांड्यावर गंजाचे ठिपके आहेत. चालतील का?

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, नखाने बघा. दांड्यावरून नख हलकेच फिरवा. नख न अडता सरकलं तर तो वरवरचा डाग आहे. घासणीच्या मऊ नायलॉन पॅडला ऑइल लावून हलक्या हाताने गोल घासलं की जातो. नख अडकलं तर तिथे खड्डा पडलाय आणि क्रोम गेलंय. तो खड्डा प्रत्येक फेरीत सीलचा ओठ खरवडतो. आज जॅक अडकतोय, उद्या गळेल.

पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडर यांनी गंज निघतो तसं क्रोमही निघतं. सिलिंडरच्या बाहेरच्या भागात, जिथवर सील कधीच पोहोचत नाही, तिथे खुशाल घासा.

स्प्रिंगा थकल्यात हे कसं कळेल?

जॅक पूर्ण वर असताना स्प्रिंगेच्या वेढ्यांकडे बघा. वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. मध्ये उजेड दिसत असेल तर स्प्रिंग ताणून सैल झाली आहे. तुटलेली स्प्रिंग तर लगेच दिसते. बहुधा आकड्यापाशी, जिथे पाणी साचून गंज धरतो, तिथेच तुटते. एका बाजूची तुटली की उरलेली स्प्रिंग दांडा तिरका ओढते आणि घर्षण आणखी वाढतं. म्हणून बदलायच्या तर जोडीनेच. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी ठेवली की तिरकेपणा तसाच राहतो.

बदलताना पक्कडीने ओढाताण करू नका. गाडी स्टँडवर असताना जॅक पूर्ण बाहेर काढा, म्हणजे वेढे फाकतात. त्या फटींमध्ये एका बाजूने जाड वॉशर बसवा आणि जॅक वर घ्या. वॉशर मध्ये असल्यामुळे स्प्रिंग आखडू शकत नाही, आकडा सैल पडतो आणि ती हाताने निघते. नवी स्प्रिंगही अशीच आधी ताणून, वॉशर घालून चढवायची. चष्मा आणि हातमोजे हवेतच. वॉशर गोळीसारखा सुटू शकतो.

स्प्रिंगा लवकर का थकतात याचं एक कारण म्हणजे जॅक नेहमी टोकापर्यंत बाहेर काढणं. सखल कोपऱ्यात जॅकखाली जाड फळी दिली तर दांडा कमी निघतो आणि स्प्रिंगही कमी ताणली जाते.

व्हॉल्व्ह उघडत नाहीये असं वाटतं. तपासू कसं?

प्रत्येक जॅकला एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणारा) असतो, सहसा पंपाजवळच्या ब्लॉकवर एका ओळीत. कोणाला तरी आत बसवून वर घेण्याचं बटण द्यायला सांगा आणि व्हॉल्व्हपाशी कान द्या. 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाजावर भरवसा नसेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉइलवरच्या नटाला लावा. कॉइलला करंट मिळत असेल तर लोहचुंबकासारखी ओढ जाणवते.

ओढ नाही तर मीटर काढा. कॉइलच्या तारांवर १२ व्होल्ट येतात का? नसतील तर फ्यूज, प्लग, तुटकी तार, पॅनल. अर्थिंगचं कनेक्शन मुद्दाम बघा. गाडीच्या पोटाखाली गंजलेल्या बोल्टवर बसवलेली अर्थची तार हे या व्यवहारातलं फार जुनं दुखणं आहे. मीटर १२ दाखवतो, लोड आला की व्होल्टेज बसतं. म्हणून मोजमाप बटण दाबून ठेवलेलं असतानाच करा.

व्होल्टेज येतंय पण ओढ नाही, तर कॉइल गेली. शेजारच्या जॅकची कॉइल इकडे लावून बघा. बऱ्याच ब्लॉकवर सगळ्या कॉइली सारख्याच असतात. ओढ आहे, आवाज आहे आणि तरी ऑइल जात नाही, तर आतला कार्ट्रिज (व्हॉल्व्हचा काढता येणारा आतला भाग) मळाने अडकलाय. जॅक पूर्ण वर, दाब शून्य, अशा स्थितीत तो काढून स्वच्छ ऑइलमध्ये धुता येतो. ओ-रिंग मात्र नवीनच टाका.

हाताने उघडायची सोय बहुतेक व्हॉल्व्हना असते: कुठे छोटा स्क्रू, कुठे नट, कुठे मूठ. ती कुठे आहे हे घरी, उजेडात शोधून ठेवा. वजन जॅकवर असताना उघडायची वेळ आली तर अगदी थोडी थोडी फिरवा आणि गाडीखाली कोणी नाही याची खात्री करा. काम झाल्यावर आठवणीने बंद करा. उघडी राहिली तर पुढच्या मुक्कामी तो जॅक गाडी धरणार नाही, आणि मग नवा दोष शोधण्यात संध्याकाळ जाईल.

चारही जॅक हळू येतात, विशेषतः थंडीत. ऑइल बदलू का?

आधी टाकीचं झाकण बघा. त्यात हवा ये-जा करायला बारीक वाट असते. ती धुळीने बुजली की परत येणाऱ्या ऑइलला टाकीतल्या कोंडलेल्या हवेशी भांडावं लागतं. झाकण सैल केल्यावर जॅक भराभर येऊ लागले तर कारण सापडलं.

मग पातळी. सगळे जॅक वर असताना बघा, आणि स्लाइड-आउट (गाडीतून बाहेर सरकणाऱ्या खोल्या) त्याच पंपावर चालत असतील तर त्याही आत घेऊन. जॅक खाली असताना टाकी काठोकाठ भरली तर वर घेताना तेवढं ऑइल मावत नाही आणि झाकणातून बाहेर येतं. हा उद्योग फार लोक करतात.

ऑइलचा रंगही सांगतो. दुधट असेल तर पाणी शिरलंय, काळं आणि जळकट वास असेल तर जुनं झालंय, फेस असेल तर हवा ओढली जातेय. तिन्हींपैकी काही असेल तर बदला. नुसतं थंडीत हळू आणि दुपारी व्यवस्थित, असं असेल तर थंडीच मान्य करून थोडं आधी जॅक वर घ्यायला लागा.

कोणतं ऑइल घालायचं?

टाकीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत जे लिहिलंय तेच. पुष्कळ सिस्टिम ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या एटीएफवर, म्हणजे डेक्सरॉन जातीच्या लाल ऑइलवर चालतात. काही उत्पादक स्वतःचं वेगळं ऑइल सांगतात. जुन्या पुस्तिकांत डेक्सरॉन ३ लिहिलेलं असतं. त्याचे परवाने जनरल मोटर्सने २००६ नंतर बंद केले, म्हणून आता बाटलीवर 'डेक्सरॉन ३ च्या जागी चालेल' अशा अर्थाची ओळ शोधायची.

ब्रेक ऑइल चुकूनही नाही. एटीएफसाठी बनवलेली रबराची सीलं त्याने फुगतात आणि मऊ पडतात. फुगलेलं सील दांड्याला असं आवळतं की जॅक अडकण्याचं कारण तेच होऊन बसतं. कोणी घातलंच असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सीलंही बदलावी लागतात.

जॅक वर आलाय, पण 'जॅक खाली' दिवा जात नाही.

दिवा काय मोजतो यावर ते अवलंबून आहे. काही सिस्टिममध्ये जॅकवरच स्विच असतो, काहींत दाबाचा स्विच, काहींत टाकीतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा, पातळी सांगणारा स्विच). फ्लोटवाल्या गाडीत ऑइल कमी असलं तरी दिवा लागून राहतो, कारण टाकी भरली नाही म्हणजे जॅक बाहेर आहे असा त्याचा हिशोब. जॅकवरचा स्विच चिखलाने माखतो.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची. दिवा विझला म्हणजे जॅक वर गेला, असं धरून चालू नका. दाबाच्या स्विचला दाब गेला एवढंच कळतं. दांडा चार इंच लटकत असला तरी दिवा विझतो. निघण्याआधी वाकून चारही कोपरे बघणं, याला पर्याय नाही.

रात्री जॅकमधून 'ठक्' असा आवाज येतो. काही बिघडलंय का?

सहसा नाही. दिवसभर तापलेलं ऑइल रात्री निवताना आकसतं आणि दांडा केसभर आत सरकू पाहतो. सीलने त्याला धरून ठेवलेलं असतं. ताण वाढला की तो एकदम सरकतो आणि आवाज चासीभर घुमतो. दांडा कोरडा आणि मळका असेल तर आवाज मोठा. पुसल्यावर कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. सकाळी गाडी एका कोपऱ्यात ठळकपणे बसलेली आढळली, तर मात्र त्या जॅकचा व्हॉल्व्ह गळतोय.

माझ्या जॅकना स्प्रिंगाच नाहीत. तेही अडकतात. का?

ते दोन्ही दिशांना ऑइलवर चालणारे जॅक. वर घ्यायलाही पंपाचाच दाब असल्याने थोड्याफार मळाला ते जुमानत नाहीत. अडकले तर आधी पंप चालू होतोय का ऐका. फक्त खाली जाताना चालतो आणि वर घेताना गप्प, असं असेल तर दिशा बदलणारा रिले किंवा त्याचं वायरिंग. पंप चालतोय पण जॅक हलत नाही, तर व्हॉल्व्ह, कमी ऑइल किंवा लाइनमधली हवा. होज बदलल्यानंतर हवा राहतेच. जॅक दोन-चार वेळा पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत केले की ती टाकीत जाते. मध्ये मध्ये पंपाला विश्रांती द्या, या मोटारी सतत चालायला बनवलेल्या नसतात.

यांना पहारीने वर रेटायचा प्रयत्न करू नका. ऑइल दोन्ही बाजूंनी कोंडलेलं असतं, तुमची पहार वाकेल. हाताने वर घ्यायची सोय प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, ती पुस्तिकेतूनच करा.

महिना-दोन महिने एकाच जागी मुक्काम असेल तर जॅक खाली ठेवू की वर?

समतल राहायचं तर खालीच ठेवावे लागतात, पण तसेच विसरू नका. पंधरा दिवसांतून एकदा दांडे पुसा, जॅक पूर्ण वर घ्या आणि पुन्हा खाली सोडा. याने ऑइलचा पापुद्रा वाळून वॉर्निश व्हायला वेळ मिळत नाही. समुद्राजवळ उभी असेल किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आली असेल, तर पोहोचल्या पोहोचल्या दांडे गोड्या पाण्याने धुऊन पुसा. गाडी नुसतीच गॅरेजमध्ये पडून राहणार असेल तर जॅक वर. आत गेलेला दांडा ऑइलमध्ये असतो, त्याला गंज धरत नाही.

पुसायची वेळ निघण्याआधीची, वर घ्यायच्या अगोदर. लोक वर घेतल्यावर पुसायला जातात, तेव्हा पुसायला दांडा बाहेर उरलेलाच नसतो.

सील किट टाकू की सरळ नवा जॅक?

दांडा सरळ आणि गुळगुळीत असेल तर सील किट. दांडा सरळ आहे की नाही, हे स्टीलची पट्टी त्याच्या लांबीला चार बाजूंनी धरून बघा. मागे टॉर्च धरली की फट दिसते. वाकलेला दांडा सरळ करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, त्यातून सील पुन्हा फाटतं. खोल खड्डे पडलेल्या दांड्यालाही नवं सील टिकत नाही. काही जॅक कारखान्यातच वेल्ड करून बंद केलेले असतात, ते उघडताच येत नाहीत. तिथे प्रश्नच मिटला. किट मागवताना जॅकवरचा पार्ट नंबर वाचा, गाडीच्या मॉडेलवर जाऊ नका. एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या जॅकचे नंबर वेगळे असू शकतात, आणि नंबराची पट्टी बहुतेक वेळा चासीकडच्या बाजूला, चिखलाखाली असते.